दोनशे पट्टे

कुंदाने कागद वाचला आणि ती हसत सुटली.

बालकल्याण समितीच्या कार्यालयाबाहेर बाकावर तिच्या शेजारी रिद्धी वकील बसली होती. सरकारकडून फुकट मिळालेली वकील, वयाने कुंदापेक्षाही लहान. ती घाबरलीच.

"ताई, हसू नका. आत ऐकू जातं."

"अहो मॅडम, हे बघा ना! 'आई रोज पट्टा मारते. दीडशे मारते, कधी दोनशे पण मारते.' हे माझ्या ऋतिकाने सांगितलं?"

"हो. शाळेतल्या समुपदेशक बाईंना."

"मग खरंच सांगितलं की पोरीने! मारते मी. दोनशे मारते!"

रिद्धीने कपाळाला हात लावला.

तीन महिने झाले होते. समितीने सहा वर्षांची ऋतिका शाळेतून परस्पर उचलून तिच्या आत्याकडे, सोनिवलीच्या नव्या बिल्डिंगमध्ये ठेवली होती. कुंदाचा नवरा सुजित दोन वर्षांपूर्वी वारला, तेव्हापासून घरात मायलेकी दोघीच. आता घर म्हणजे चार भिंती आणि खुंटीला लटकलेलं दप्तर. रविवारी दोन तास भेट, तीही आत्याच्या डोळ्यांसमोर. कुंदाला सगळ्यांनी एवढंच सांगितलं होतं, "मुलीने स्वतः सांगितलंय, तुम्ही मारता." कुंदा म्हणाली, नाही मारत. त्यांनी लिहिलं, 'आरोप नाकारला.' आणि खाली निष्कर्ष: 'मातेकडून पट्ट्याने मारहाण होत असल्याचे दिसून येते.' दिसलं कोणाला होतं, ते लिहिलं नव्हतं. दीडशे-दोनशे या आकड्यांपुढे मात्र कंसात कोणीतरी शहाणपणाने टाकलं होतं, 'मूल संख्या वाढवून सांगत असावे.'

अर्जावर अर्ज केल्यावर आज फेरसुनावणी लागली, आणि अहवालाची नक्कल पहिल्यांदा तिच्या हातात पडली.

"पट्टा म्हणजे कमरेचा, मॅडम! जीन्सचा! पॅन्टच्या कमरेला कापडाची पट्टी मशीनवर जोडतात ना, ती. आमच्यात कोणी खिसे मारतं, कोणी बॉटम मारतं, मी पट्टा मारते. दिवसाला दोनशे पीस!"

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये हा शब्द आजचा नाही. या गल्ल्यांत फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांच्या बराकी होत्या, ओट्याओट्यावर पायाचं मशीन खडखडायचं आणि सिंधी बायका पापड वाळत घालता घालता गिऱ्हाइकाशी भाव करायच्या, तेव्हापासून इथे सगळं मारलंच जातं. काज मारतात, बटण मारतात, इस्त्री मारतात. त्या मारण्यावर केवढी पोरं शिकली, केवढ्या मुलींची लग्नं झाली! पण हे कॅम्पाबाहेर कोणाला ठाऊक असणार?

"मी बदलापूरची, मलाच माहीत नव्हतं," रिद्धी म्हणाली. तिचेही डोळे आता चमकायला लागले होते. "आणि अध्यक्ष बाई तर पुण्याच्या. पण ताई, ते निळे वळ? मांडीवर दोन, पोटरीवर एक. शाळेने लिहिलंय."

कुंदाने आपले हात पुढे केले आणि स्वतःलाच शिवी हासडली. हात स्वच्छ होते. सरकारी ठिकाणी जायचं म्हणून तिने प्रत्येक तारखेला लिंबू आणि कपड्याची पावडर घेऊन बोटं लाल होईस्तोवर घासली होती. एरवी तिचे हात कोपरापर्यंत निळे असत.

"रंग आहे तो! बिनधुतलेल्या जीन्सचा. शाळा सुटली की ती कारखान्यात येते, ढिगाऱ्यावर झोपते. घामाने लागतो."

रिद्धीने घड्याळ पाहिलं. "आपला नंबर चौथा. अर्धा तास आहे. दाखवायला काही आणता येईल?"

कुंदा जिना उतरलीसुद्धा.

शेअर रिक्षावाला तीन सवाऱ्या जमायची वाट बघत थांबून होता. "तीनों सीट मेरी, भैया. उडाओ!" तो बघतच राहिला, पण रिक्षा खरोखर उडवली.

कारखान्यात नानिक शेठ चहात खारी बुडवत होते. "कुंदा? आज तो छुट्टी लिया ना तू?"

"शेठ, चार पीस दो. दो बिना पट्टे का, दो पट्टावाला."

"किसलिए?"

"सरकार को दिखाना है."

खारी चहात बुडाली. "सरकार? मेरे को बीच में मत ला, साईं!" पण बोलता बोलता त्यांनीच चार पीस मोजून पिशवीत कोंबले. "बोल देना, नानिक के कारखाने में किसी बच्चे पे हाथ नहीं उठता."

कोपऱ्यात धागे कापायला बसणाऱ्या सगुणाबाई उठल्या. मोरिवलीच्या म्हाताऱ्या. एमआयडीसी यायच्या आधी तिथे भाताची खाचरं होती, ती त्यांनी लावलेली. "काय झाला गो?"

कुंदाने धापा टाकत सांगितलं. सगुणाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. "बरा झाला, गेल्या वर्षी नाय इचारला. तवा तू खिसे मारायचीस. चोर म्हनून धरली असती!"

ती परत पोचली तेव्हा नंबर पुकारून झाला होता. रिद्धी दारातच उभी राहून काहीबाही बोलत वेळ काढत होती. आत आत्या, म्हणजे संजीवनी, ऋतिकाचा हात धरून बसलेली. कुंदाने चारही जीन्स टेबलावर टाकल्या आणि एका दमात बोलायला लागली.

पांढऱ्या केसांच्या अध्यक्ष बाईंनी हात वर केला. "थांबा. तुम्ही सांगितलंत तर ते तुमचं होईल. मी मुलीशी बोलते. सगळे बाहेर. कपडे राहू द्या."

दार बंद झालं. बाहेर संजीवनी खालमानेने म्हणाली, "वहिनी, पोर खोटं कशाला बोलेल, म्हणून मी..."

"ती खोटं बोललीच नाही, ताई."

कुंदाने दाराला कान लावला. पोर घाबरली तर? तीन महिन्यांत विसरली असली तर? मग दारामागून एक बारीक आवाज आला.

"टर्रर्रर्र... टक! असं उलटायचं. मग परत. टर्रर्रर्र!"

आणि मागोमाग अध्यक्ष बाईंचं मोठ्याने हसणं.

रिद्धीने कुंदाचा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

दार बाईंनी स्वतः उघडलं. एका हातात जीन्सवर घासलेला ओला रुमाल, आणि त्याचा कोपरा निळाशार. अंगठाही निळा.

"हा रंग जातो कशाने?" त्यांनी विचारलं.

"लिंबाने जातो, मॅडम. पण वेळ लागतो."

सगळे बसल्यावर बाई गंभीर झाल्या. "आता खरं सांगा. कधीच हात उचलला नाही?"

रिद्धीने टेबलाखालून पाय दाबला. कुंदाने पाय बाजूला घेतला.

"एकदा. पाठीत धपाटा घातला. रिक्षाच्या पुढे धावली होती. मग मीच रडले."

बाईंनी लिहून घेतलं. लिहायला त्यांना फार वेळ लागला. "कारखाना मुलीने बसायची जागा नाही. संध्याकाळची दुसरी सोय हवी."

"मी ठेवीन," संजीवनी पटकन म्हणाली. मग कुंदाकडे बघून, "म्हणजे वहिनींना चालत असेल तर. कामावरून येताना घेऊन जातील."

कुंदाने मान हलवली. "चालेल. पण झोपायला घरी."

"झोपायला घरी," बाईंनी लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, "मारहाणीचा निष्कर्ष शब्दाच्या गैरसमजातून निघाला. तो रद्द. मुलगी आजच आईच्या ताब्यात. तीन महिन्यांनी समितीची एक घरभेट होईल." त्यांनी मान वर केली. "आणि बाई, आमच्याकडून तीन महिने गेले. ते मला परत देता येणार नाहीत."

कुंदाकडे बोलण्यासारखं खूप होतं, पण ऋतिका टेबलाला वळसा घालून केव्हाच तिच्या कमरेला बिलगली होती आणि कागदावर सही करायला एकच हात मोकळा होता.

बाहेर पडताना संजीवनी जिन्यात थांबली. "वहिनी, माझं चुकलं हो."

"ते मग बोलू, ताई. आधी हिची दुसरी चप्पल शोधा!" कुंदा ओरडली, कारण ऋतिका एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, दोन-दोन पायऱ्या उड्या मारत रस्त्याकडे निघाली होती, आणि कुंदा पदर खोचून तिच्यामागे धावत होती.