तिसऱ्या कडव्यात थांबायचं

डेन्झिलच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आमच्या पबमधलं बुडालेल्या होडीचं गाणं बंद पडलं. ते गाणं त्याचंच. दुसऱ्या कुणी म्हणायला तोंड उघडलं असतं, तर मालकीण म्हणून मीच त्याला बाहेर काढलं असतं.

मग त्याची लेक केरेन्सा ब्रिस्टलहून आपला बँड घेऊन आली. ड्रम्स, इलेक्ट्रिक गिटार, वायरींचं जंजाळ. माझी डार्ट खेळायची जागा गेली ती गेलीच.

"बाबा, तुझं गाणं म्हणणार आहे आज," ती म्हणाली.

डेन्झिलला कुजबुजण्यापुरताच आवाज उरलाय, पण जिभेची धार कायम. "म्हण की. पातेली आणलीच आहेस एवढी."

"येशील ना ऐकायला?"

"बिअर प्यायला येईन. कान बरोबरच असतात."

ती हसली, आणि आत माझ्या स्वयंपाकघरात येऊन रडली. "लव्हडे मावशी, त्याला नाही पटलं तर हे गाणं मी पुन्हा म्हणणार नाही."

त्या गाण्याच्या तिसऱ्या कडव्यात बुडालेल्या खलाशाचं नाव येतं, जॅगो. डेन्झिलच्या धाकट्या भावाचं नावही जॅगो, आणि तोही समुद्रातच गेला. ते नाव डेन्झिलच्या तोंडून निघायचं नाही. तो थांबायचा, पब थांबायचा. मग तो टेबलावर टक्कन बोट वाजवायचा आणि सगळे मिळून नाव घ्यायचे. बाहेरच्यांना वाटायचं, गाणंच तसं आहे.

बँड सुरू झाला तसे माझे ग्लास थरथरले. पहिलं कडवं मला अजिबात आवडलं नाही. दुसऱ्यात पाय हलायला लागला, माझाच. डेन्झिल मात्र कोपऱ्यात हाताची घडी घालून बसलेला.

तिसऱ्या कडव्यात सगळं एकदम थांबलं. पबही थांबला. केरेन्सा पुढे गाईना. ड्रमवाला काठ्या उचलून डेन्झिलकडे बघत राहिला. पोरीने त्याला पढवून ठेवलं होतं! वेळ जात होता. हा हेकट माणूस पहाटेपर्यंतही असाच बसला असता.

डेन्झिलने घडी सोडली.

टक्.

"जॅगो!" अख्खा पब ओरडला, ड्रम्ससकट. डेन्झिलचेही ओठ हलले, मी पाहिलं.

गाणं संपल्यावर त्याने लेकीला जवळ ओढून कानात काहीतरी सांगितलं. ती डोळे पुसत माझ्याकडे आली.

"काय म्हणाला गं?"

"म्हणाला, पुढच्या वेळी मला एवढा वेळ ताटकळत ठेवू नकोस."