आवाज वाढवला

काल संध्याकाळी नवऱ्याने फेकलेली इस्त्री तिच्या कपाळाला चाटून लॅपटॉपच्या पडद्यावर आदळली. सकाळी कपाळावर टेंगूळ होतं आणि पडद्यावर मिट्ट काळोख. टेंगळाचं तिला फारसं काही वाटलं नाही, अंगवळणी पडलं होतं. पण बारा वाजता मुलाखत होती. परगावच्या एका कंपनीला तिने संगणकावर उभं केलेलं घर खोल्याखोल्यांतून फिरवून दाखवायचं होतं. नोकरीबरोबर राहायला खोली मिळणार होती, म्हणजे या घरातून सुटका.

नवरा कामावर गेल्या गेल्या तिने लॅपटॉप हॉलमध्ये आणून टीव्हीला जोडला. सासूबाई मालिका बघत होत्या. आजचा दिवस टीव्ही द्या म्हटल्यावर त्यांनी मालिका बंद करून रिमोट मांडीवर घेतला. त्या गप्पच असायच्या. सुनेला मार बसू लागला की मालिकेचा आवाज तेवढा वाढवायच्या.

टीव्ही ढिम्म. कारण तिला लगेच कळलं, आणि स्वतःचाच राग आला. लॅपटॉपमध्ये चित्र दाखवणाऱ्या चिपा दोन. धाकटी म्हणजे गरीब गाय, फुटक्या पडद्याला जोडलेली. थोरली दणकट, पण ती जागी झाली की पंखा घरघरायचा, आणि घरघर ऐकून नवऱ्याचं डोकं फिरायचं. एकदा त्याने तिची बोटं झाकणात चिरडली होती. लॅपटॉप चालवणारी सिस्टीम मोकळी, कुणा कंपनीच्या मालकीची नसलेली, तिनेच बसवलेली. त्या दिवशी तिने एका फाइलीत एक ओळ लिहून थोरलीवर बंदी घातली. आणि टीव्हीची वायर जात होती नेमकी थोरलीकडे.

ओळ पुसायची तर दिसायला हवं. दिसत नव्हतं, म्हणून तिने आंधळेपणानेच टाइप केलं. पासवर्ड, मग हुकूम, पुन्हा पासवर्ड, मग लॅपटॉप बंद होऊन चालू व्हायला हवा होता. झाला नाही. तीनदा केलं, तीनदा तेच. पावणेबारा झाले. चौथ्यांदा कीबोर्डवर बोटं ठेवली तेव्हा आठवलं, इस्त्री आली तेव्हा ती आईला पत्र लिहीत होती. "आई, मी येते" इथवर आली होती. कीबोर्ड मराठीतच राहिला होता, आणि बिचारा पासवर्ड काळोखात देवनागरीतून उमटत होता. तिला हसू फुटलं, टेंगूळ ठणकलं. भाषा बदलून तिने सगळं पुन्हा टाइप केलं. लॅपटॉप विझला, पेटला, पंखा घरघरला आणि टीव्ही उजळला.

लॅपटॉपचा कॅमेरा शाबूत होता. बाराला टीव्हीवर कंपनीची तीन माणसं बसली. तिने त्यांना स्वयंपाकघर दाखवलं, जिना दाखवला. बोलत होती हळू, टीव्हीचा आवाजही लॅपटॉपवरून सवयीने अगदी बारीक ठेवला होता. घर दाखवून झालं, पडद्यावर पुन्हा चेहरे आले, आणि तेवढ्यात विसरलेला मोबाइल न्यायला नवरा परत आला.

त्याने घरघर ऐकली. तसाच येऊन तिचे केस धरले आणि तोंड टेबलावर आपटलं. ओठ फाटला, कीबोर्डवर रक्त सांडलं. दुसऱ्यांदा आपटायला तिचं डोकं वर ओढलं, तेव्हा त्याला टीव्हीत तो स्वतः दिसला, मुठीत बायकोचे केस धरलेला. शेजारी तीन चेहरे त्याच्याकडे बघत होते. मधल्या पिकल्या केसांच्या इंजिनिअरबाई काहीतरी सांगत होत्या, ऐकू येत नव्हतं.

"आई, टीव्ही बंद कर," तो म्हणाला.

सासूबाईंनी रिमोट उचलला. त्यांचा अंगठा नेहमीच्याच बटणावर गेला. आवाज वाढला, वाढतच गेला.

"ताई, पत्ता सांगा. पोलिसांना फोन लावलाय," इंजिनिअरबाईंचा आवाज घरभर घुमला.

तिच्या तोंडात रक्त होतं, शब्द फुटेना. सासूबाई उठल्या. टीव्हीसमोर उभं राहून त्यांनी पत्ता सांगितला, इमारत, मजला, दाराचा नंबर, सगळं सावकाश.

"लवकर या," त्या म्हणाल्या, "दार मी उघडून ठेवते."