खिडकीतून न दिसलेला पाय

साखरेच्या आजाराने वार्सितीच्या पायाचा अंगठा काळा पडायला लागला, तेव्हा ती रुळांवर जाऊन झोपायला लागली. जीव द्यायला नव्हे हो, बरी व्हायला! जकार्ताच्या त्या वस्तीत लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं, विजेच्या गाडीच्या रुळांतला उरलासुरला करंट साखर उतरवतो, लकवा सोडवतो. एका रुळावर मान, दुसऱ्यावर पोटऱ्या, आणि गाडी दिसली की उठून बाजूला. औषध फुकट. रांग नाही, चिठ्ठी नाही.

चिठ्ठीचं नाव काढलं की वार्सितीचं डोकं फिरायचं. आरोग्यकेंद्राची चिठ्ठी घेऊन मोठ्या इस्पितळात जायचं. पहिल्या खेपेला चिठ्ठीची मुदत आदल्याच दिवशी संपलेली. दुसऱ्या खेपेला मशीन बंद. तिसऱ्या खेपेला पहाटेपासून ताटकळली, तर चार नंबरच्या खिडकीतल्या काचेच्या भोकातून आवाज आला, "आजचे पेशंट भरले. पुढच्या गुरुवारी या. चला, पुढचे!" तळलेलं टेम्पे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, टोपलीत घालून गल्लोगल्ली विकणारी बाई ती. पायच गेला तर खायचं काय?

रुळांवर मात्र बरं वाटायचं, खोटं कशाला बोला. उन्हं उतरली की पंधरावीस जणं जमायची. खडी कोमट असायची. सुनांची उणीदुणी निघायची, आणि कुणीतरी हमखास 'बू', म्हणजे आई, अशी हाक मारून विचारायचं, "काय बू, आज पाय कसा आहे?" इस्पितळात हे एकानेही विचारलं नव्हतं.

एका मंगळवारी तिच्या शेजारी एक जाडजूड माणूस आला. जागा कमी, म्हणून एकाची मान इकडे तर दुसऱ्याची तिकडे अशी रीत होती. तो उलटा आडवा होत म्हणाला, "जरा सरका हो, पुढचे!"

वार्सिती ताडकन उठून बसली. "हा आवाज! चार नंबरची खिडकी!"

माणूस ओशाळला. "हर्तोयो माझं नाव."

"वा हर्तोयोसाहेब, वा! आम्हाला गुरुवारी या म्हणायचं आणि आपण मंगळवारीच येऊन आडवं व्हायचं?"

रुळावरची सगळी खो खो हसली.

"हसा. रक्तदाब चढलाय माझा," तो म्हणाला. "मलाही चिठ्ठी लागते, बू. आणि माझा नंबर सहा आठवड्यांनी."

तिला एकदम त्याची कीव आली. टोपलीतला एक तुकडा तिने त्याच्या हातावर ठेवला आणि परत आडवी झाली. तिचा पाय आता हर्तोयोच्या नाकाशी होता. तुकडा तोंडाशी नेता नेता तो उठून बसला.

"अहो, हे काय? कधीपासून?"

"झाले तीन आठवडे. चार दिवस तापही आहे."

"काळा पाय आणि ताप! मग मागच्या दाराने यायचं, तातडीच्या विभागात. तिथे ना चिठ्ठी, ना नंबर. मला सांगायचं नाही?"

"तुम्ही विचारलंत?"

चौदा वर्षं त्या भोकातून हर्तोयोने फक्त तोंडं पाहिली होती. तोंड ठीक दिसलं की पुढचे.

त्याने तिला तसंच स्कूटरवर मागे बसवलं आणि इस्पितळाच्या मागच्या दारी नेलं. अंगठा गेला. पाय राहिला.

दोन महिन्यांनी वार्सिती टोपली घेऊन रुळांवर आली, जरा तिरकी चालत, पण चालत. तिला बघून एकच गलका झाला, "बघा, रुळांनी पाय वाचवला!"

"मेल्यांनो, रुळांनी नाही, मागच्या दाराने!"

"आणि ते दार कुठे कळलं गं? इथेच ना?" एक म्हातारी फणकारली.

वार्सितीला हसूच आलं. तेव्हापासून मात्र तिने रुळांवर एक नियम केला: आधी पाय दाखवायचा, मग टेम्पे मिळेल. दोघींना तर तिने हाताला धरून मागच्या दारी पोचवलं.

गुरुवारी ती जखम दाखवायला गेली. चार नंबरची रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती, कारण दर माणसागणिक हर्तोयो खुर्चीतून उठायचा, काचेला गाल लावून खाली वाकून बघायचा आणि धापा टाकत परत बसायचा.

"किती वेळ लावतो हा बाबा!" मागची बाई करवादली.

"लावू दे," वार्सिती म्हणाली. एवढ्या निवांतपणे ती कधीच रांगेत उभी राहिली नव्हती.

तिचा नंबर आला. हर्तोयो उठला, वाकला, आधी पाय नीट न्याहाळला आणि मग तिच्या तोंडाकडे बघून म्हणाला, "हं, बोला बू."