सापांच्या केसांची बाई

निपाणीच्या परशराम सोनाराने जन्मभर देव्हाऱ्यातले चांदीचे टाकच ठोकले होते. आपल्या हातचा एखादा दागिना एकदा तरी कुणाच्या गळ्यात दिसावा, एवढंच त्याचं स्वप्न होतं. १९१९ साली लढाईवरून परतलेल्या भरमूने त्याच्यापुढे ग्रीकांचं एक जुनं नाणं ठेवलं. त्यावर केसांच्या जागी साप असलेल्या बाईचा मुखडा होता.

"आप्पा, असंच पदक करा. आमच्या नागुबाईच्या गळ्यात घालायचंय."

महिनाभर परशराम कुठल्याशा निळ्या समुद्राकाठी बसल्यासारखा काम करत होता. चांदीत साप हळूहळू वळत गेले. डोळे मात्र सवयीने टाकावरच्या देवीसारखे मोठे उतरले.

भरमूची बायको नागुबाई त्याच्यासोबत दुकानात आली. तिने पदक पाहिलं आणि कपाळाला लावलं.

"लई जागृत दिसतीया ही. गळ्यात कशी घालू?"

"अगं, देवी न्हाय ती! ग्रीकांची बाई हाय," भरमू वैतागला.

"मग लई लांबनं आलीया बिचारी. बसू दे की देव्हाऱ्यात."

परशरामने पदकावरच्या बाईकडे पुन्हा पाहिलं. ती बसायला जागाच शोधत असावी, असं त्याला वाटलं. त्याने कानस उचलली आणि दोरा ओवायची कडी घासून काढली.