वहिनीचं इटालियन

माझी वहिनी दातांची डॉक्टर आणि मी तिच्या हाताखाली. इटलीला फिरायला जायचं ठरलं आणि बाईसाहेबांनी मोबाईलवर इटालियन शिकायचा सपाटा लावला. सराव कोणावर? खुर्चीतल्या पेशंटवर! त्याच्या तोंडात कापूस, लाळ ओढायची नळी, आणि ही लाडात विचारणार, "कोमे स्ता?" म्हणजे, कसे आहात? तो बिचारा म्हणायचा, "आँ."

"बघ गं, कसं फडाफडा जमतंय!" वहिनी मला म्हणायची. मी कपाळावर हात मारायचे.

परवा खरोखरच एक इटालियन आजोबा दाढ धरून आले. वहिनीला आभाळ ठेंगणं झालं. ते खुर्चीत टेकताहेत तोच हिने विचारलं, "कोमे स्ता?"

आजोबांची कळी खुलली. दाढबिढ विसरून ते हातवारे करत जे सुटले, ते थांबायचं नावच घेईनात. वहिनीचा चेहरा बघण्यासारखा झाला. इतके दिवस नुसतं विचारायलाच शिकली होती. उत्तर कोणी दिलंच नव्हतं!

तिने गोड हसून आजोबांच्या तोंडात कापूस कोंबला, नळी अडकवली आणि पुन्हा विचारलं, "कोमे स्ता?"

"आँ," आजोबा म्हणाले.

"हं," वहिनी माझ्याकडे वळून म्हणाली, "आता कसं स्पष्ट बोलले!"