काचेवरचे आठ तारे

चौऱ्याहत्तर सालचा मार्च. सोलापूरच्या एका कॉलेजात दानम्मा प्रयोगशाळेत कामाला होती. दक्षिणेतल्या एका वेधशाळेने फोटोच्या दोन काचा पाठवल्या होत्या. तारकागुच्छ एकच, रात्री वेगळ्या. स्वच्छ काचेवर तारे निगेटिव्हसारखे काळे उमटलेले, मोहरी सांडावी तसे दाट. त्यांतले तेज बदलणारे तेवढे शोधायचे. यादी आजच्या टपालाने निघायला हवी होती. एक जरी तारा चुकीचा निघाला, तर पुढच्या काचा मिळणार नव्हत्या.

शिपाई कोंडीबाने दोन दिव्यांचा डबा करून दिला होता. कळ दाबली की एक काच दिसे, सोडली की दुसरी. तेज बदलणारा ठिपका तेवढा फुगे, आकसे. दोन महिने डोळे ताणून तिने आठ काढले.

चारला टपाल बंद व्हायचं. साडेतीन वाजले होते.

"हा पाचवा तारा नव्हेच," भिंगाला डोळा लावून वीरभद्रप्पा सर म्हणाले. "गिरण्यांचा कापूस उडतो गावभर. तंतू चिकटलाय. सोलापुरात कापूस सापडला, असं कळवू का त्यांना?"

दानम्माने रुमाल काढला. "पुसून बघू, सर?"

"खबरदार! ओरखडा उठेल."

कोंडीबा दारातच उभा होता. "ताई, गिरणीत आमी कापडावर उजेड आडवा धरायचो. तंतू लगेच चमकतोय बगा. बॅटरी आणू?"

खिडक्या लावल्या. काच काळ्या कागदावर ठेवून दानम्माने बॅटरी कडेने धरली. पाचवा काही चमकला नाही.

"तारा हाय की!" कोंडीबा म्हणाला.

सरांनी पेनचं टोपण काढलं. "आण यादी."

पण बॅटरीचा झोत पुढे सरकला होता, आणि दुसऱ्या नंबरचा ठिपका पांढऱ्या केसासारखा लकाकत होता.

"सर, थांबा."

सरांनी वाकून पाहिलं. "याचंच तर प्राचार्यांना कौतुक सांगून बसलोय मी. राहू दे गं. एवढ्या गर्दीत कोण बघतंय?"

"त्यांच्याकडे तिसऱ्या रात्रीची काच असेल, सर."

तिने दुसरा नंबर खोडला. पावणेचार झाले. उरलेले सहा तपासायचे होते. सरांनी बॅटरी हातात घेतली. "चल, पहिला बोल."

चारला पाच कमी असताना कोंडीबाने सायकलवर टांग टाकली.

जूनमध्ये वेधशाळेकडून खोकं आलं. भुशात दहा काचा होत्या. चिठ्ठीत लिहिलं होतं, "सातही बरोबर. पाचवा आमच्या नजरेतून सुटला होता."