एकच छेद, तोही बेंबीत

ऑपरेशनची बातमी मी सगळ्यांना इतकी छान सांगितली, की कोणी आलंच नाही.

उजव्या किडनीत गाठ निघाली होती आणि किडनीच काढायची होती. डॉक्टर प्रणितांनी समजावलं, बेंबीत एकच छेद घ्यायचा, त्यातूनच रोबोटचे हात आत घालायचे, आणि त्या स्वतः चार पावलांवर स्क्रीनसमोर बसून ते हात चालवणार. तिसऱ्या दिवशी घरी. मी भाळलेच. इकडे उत्तरेत, वसुंधरातल्या आमच्या सोसायटीत असं सांगत सुटले, जसा काही रोबोट मीच बनवलाय.

बंगळूरला मानसलाही तसंच सांगितलं. माझा एकुलता एक. त्याने विचारलं, "मम्मी, मी येऊ का?"

"नको रे. एवढंसं भोक. कशाला रजा घालवतोस?"

"पक्का?"

"बिल्कुल."

"अच्छा. मग रोज फोन करतो," म्हणाला, आणि दिलेला शब्द त्याने पाळला.

आता यात चूक माझीच. आम्ही अमरावतीची माणसं, आमच्याकडे पहिल्या 'नको'ला किंमत नसते. पाहुण्याने ताटावर हात आडवा धरला, तरी बोटांच्या फटीतून वाढायचं. मानसला मात्र मीच लहानपणापासून शिकवलं, आईने एकदा सांगितलं की ऐकायचं. तो ऐकतो. भोगा आता.

फॉर्मवर कोणाची तरी सही हवी होती. खालच्या मजल्यावरची सुरुची आली, सही केली आणि अकराला ऑफिसला गेली. तिलाही मीच पिटाळलं होतं.

शुद्धीवर आले तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "सगळं छान झालं. बाहेर तुमचं नाव तीनदा पुकारलं, पण कोणी नव्हतं." काढलेला भाग आधी ट्रेमध्ये घेऊन घरच्यांना दाखवायचा आणि मग लॅबला पाठवायचा, अशी तिथली रीत. माझी किडनी कोणी पाहिलीच नाही. चौसष्ट वर्षं पोटात राहिली आणि गेली, तेव्हा ओळखीचं कोणी नाही. मला रडू फुटलं. नर्सला वाटलं दुखतंय, तिने इंजेक्शन दिलं.

ह्यांचं, म्हणजे अंबादासांचं, पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं तेव्हा पोटावर वीतभर टाके होते. ह्यांच्या कोपर्निकस मार्गावरच्या ऑफिसातले लोक पंधरा दिवस डबे घेऊन येत होते आणि हे सदरा वर करून प्रत्येकाला टाके दाखवत होते. मी तेव्हा चहा करून करून वैतागले होते. आता हे नाहीत, आणि माझ्याकडे दाखवायला काही नाही. घरी आले त्या दिवशी लिफ्टमध्ये दोघीजणी म्हणाल्या, "आंटी, आप तो बिल्कुल ठीक लग रही हो," आणि आपापल्या मजल्यावर उतरल्या.

नवव्या दिवशी रिपोर्ट आला. गाठ किडनीच्या बाहेर पसरली नव्हती, पुढे काही उपचार नको. मानसचा फोन आला तेव्हा मी तो अक्षरन् अक्षर वाचून दाखवला. तो खूश झाला. फोन ठेवणार, तेवढ्यात मी म्हटलं, "मानस, तू ये."

त्याचा आवाज उतरला. "मम्मी, खरं सांग. रिपोर्टमध्ये अजून काय आहे?"

"काही नाही. रिपोर्ट चांगला आहे. तरी ये. मला इथे एकटीला बरं वाटत नाही."

त्याने रिपोर्टचा फोटो पाठवायला सांगितलं. मी पाठवला. त्याने तो डॉक्टर असलेल्या एका मित्राला दाखवला आणि अर्ध्या तासाने मेसेज केला. सगळं खरंच नॉर्मल आहे मम्मी, घाबरू नकोस, आराम कर.

मी चष्मा लावला आणि लिहिलं, 'घाबरले नाहीये. तू ये.' पाठवलं, आणि फोन खाली न ठेवता हातातच धरून बसले.